सखूमायच्या पाठीचा खांब

देवधरचा ड्रॉइंग बोर्ड मेलच्या डब्यात शिरेना, तेव्हाच खरं तर मी शहाणं व्हायला हवं होतं. आडवा धरला की तो दारात अडकायचा आणि उभा धरला की मागच्या गृहस्थांच्या पगडीत. शेवटी बोर्ड खिडकीतून आत आला, देवधर दारातून आला, आणि दोघांची भेट झाली तेव्हा गाडी सुटलेली होती. बोर्ड आणायचा नाही असं मी त्याला चांगलं बजावलं होतं.

"पण सर, बोर्डाशिवाय घर काढायचं कशावर?" तो म्हणाला.

या प्रश्नाचं उत्तर द्यायलाच मी बऱ्हाणपूरला निघालो होतो म्हणा ना.

झालं होतं असं. मी मुंबईतल्या एका कॉलेजात वास्तुकला शिकवतो. आमच्याकडे मुलगा पहिल्या वर्षाला आला की त्याला ग्रीक खांब काढायला बसवतात. खांबाची बैठक, खांबाचं अंग, खांबाचं डोकं, डोक्यावरची कोरीव पानं. वर्षभर हेच. पुढे त्याला घर काढायला सांगितलं की तो आधी चार खांब उभे करतो आणि उरलेल्या जागेत माणसं कोंबतो. मी प्राचार्यांना, म्हणजे आमच्या मोठ्या सरांना, म्हटलं की हे बंद करू या. मुलांना मुळापासून विचार करू द्या. माणूस बसतो कुठे, निजतो कुठे, चूल कुठे, वारा कुठून येतो. खांबाचं पुढे बघू. खरं सांगायचं तर पुढेही बघायचं नाही असंच माझ्या मनात होतं.

मोठ्या सरांनी चष्मा पुसला. तो पुसला की समजावं, आपलं काही खरं नाही. "एक घर असं करून दाखवा," ते म्हणाले. "घरातली माणसं म्हणाली की हे आमचं घर, तर जूनपासून पहिलं वर्ष तुमच्या हाती. नाही म्हणाली, तर तुम्ही निवृत्त होईपर्यंत खांब शिकवाल, आणि तेही हसतमुखानं." माझ्यावर नजर ठेवायला त्यांनी आपला लाडका विद्यार्थी देवधर बरोबर दिला. या देवधरला खांबाच्या डोक्यावरच्या पानांसाठी पदक मिळालेलं आहे. स्वतः मोठे सर आठवड्याभरानं दिल्लीला जायचे होते. संस्थानं विलीन होत होती, नव्या कचेऱ्या लागणार होत्या आणि त्या दिसाव्यात कशा हे ठरवायला एक समिती बसली होती. वाटेत ते बऱ्हाणपूरला उतरून निकाल देणार होते.

डब्यातले पगडीवाले गृहस्थही अशाच एका विलीन झालेल्या संस्थानात बांधकामावर देखरेख करत असत. "संस्थान विलीन झालं, मी अजून व्हायचोय," असं सांगून त्यांनी दशम्यांचा डबा उघडला आणि आम्हाला एकेक दिली. त्यांच्या दरबार हॉलात आता मामलेदार कचेरी आली होती.

"खांब कुठल्या पद्धतीचे होते?" देवधरनं उत्सुकतेनं विचारलं.

"चुन्याचे," ते म्हणाले. "पूर्वी त्यांच्यामागे भालदार उभे राहायचे. आता लोक पान थुंकतात. तेवढा उपयोग वाढला."

मी देवधरकडे विजयी मुद्रेनं पाहिलं. तो दशमी खात होता.

भुसावळ सोडल्यावर उजाडलं. रावेरपासून रुळांच्या दोन्ही बाजूंनी केळीच्या बागा सुरू झाल्या आणि मे महिन्यात इतकं हिरवं बघून डोळे निवले. ते निवणं बऱ्हाणपूरच्या फलाटावर पाय ठेवेपर्यंतच टिकलं. सकाळची वेळ होती, तरी ऊन पाठीवर हात ठेवूनच चालत होतं. बापूराव टांगा घेऊन आला होता. हा माझा जुना मित्र, इथल्या हायस्कुलात ड्रॉइंग मास्तर. त्यानं आधी माझ्याकडे, मग देवधरकडे आणि मग बोर्डाकडे पाहिलं. "दरवाजा बी सोबत आणला का रे?" तो म्हणाला.

टांगा गावकोसाच्या दरवाज्यातून आत शिरला तसा बापूराव गावाची माहिती सांगू लागला. बऱ्हाणपूरचा माणूस पाहुण्याला पाणी देण्याआधी ताजमहालाची गोष्ट देतो. "इथंच बनणार होता यार. राणी पहिले तापीच्या त्या पार बागेत पुरली होती. नकाशा झाला, सगळं झालं, अन मग गेले आग्र्याला. तेव्हापासून आमच्या गावात कोणी नकाशावाला आला का लोक पहिले विचारतात, बांधून जाशील का नुसता काढून?"

लोधीपुऱ्यात त्याच्या घरी पोचताच माव्याची जिलबी समोर आली. काळसर, जाड आणि पाकानं जड झालेली. एक खाल्ली की दुसरी नको वाटते आणि दुसरी खाल्ली की जेवण नको वाटतं. देवधरनं चार खाल्ल्या आणि तो संध्याकाळपर्यंत खांबांविषयी बोलला नाही. पुढच्या मुक्कामात या औषधाचा मला फार उपयोग झाला.

घर बांधायचं होतं ते शहराला लागून असलेल्या बहादरपूरला, बापूरावच्या मावसभावाचं. सुपडूभाऊ पाटील, केळीचे बागाईतदार. धाकट्या भावाचं लग्न झालं आणि जुनं घर अपुरं पडू लागलं, म्हणून खळ्याच्या जागेत नवं घर बांधायचं ठरलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही छकड्यातून निघालो. वाटेत विहिरींवर मोटा चालू होत्या आणि पाटातलं पाणी केळीच्या बुडाशी शिरत होतं. सुपडूभाऊ भला दांडगा माणूस. त्यांनी आम्हाला बाजेवर बसवलं, ताक दिलं आणि पहिल्याच वाक्यात माझा निकाल लावला.

"सर, मले बस चार खांब पाहिजे. त्या कापूसवाल्या शेठच्या कोठीले आहेत ना, तसे. बाकी मंग तुमच्या मनानं करा."

देवधरच्या चेहऱ्यावर जे तेज आलं ते पदक घेतानाच्या फोटोतही नव्हतं.

"खांब कशाला?" मी विचारलं.

"दिसाले पाहिजे ना. पाहुण्याले दुरून समजलं पाहिजे का घर कोणाचं आहे."

"गावात तुमचं घर कोणाला माहीत नाही?"

"सगळ्याईले माहीत आहे," ते अभिमानानं म्हणाले. "म्हणून तर."

मी म्हटलं, खांब नाहीत. आधी घरात कोण काय करतं ते सांगा. सुपडूभाऊंनी माझ्याकडे जरा दयेनं पाहिलं, पण मुंबईहून आलेला माणूस म्हणून सांगितलं. बी-बियाणं कुठे ठेवतात, पाहुणे कुठे बसतात, उन्हाळ्यात निजायला कुठे जातात. त्यांच्या पत्नी गोदावरीबाई यांनी चुलीचं सांगितलं. सुपडूभाऊंची आई, सखूमाय, जुन्या घराच्या ओसरीत बसली होती. मी तिला विचारलं, "माय, तुम्ही दिवसभर काय करता?"

"मी?" ती म्हणाली. "मी पाहते."

हे उत्तर मला विनोदी वाटलं. मी हसून पुढे गेलो. पुढे याच उत्तरानं मला कसा घाम फोडला ते येईलच.

कागदावर घर काढायचं नाही हा माझा हट्ट होता. खळ्यावर मोठा कडुनिंब आहे. त्याच्या सावलीत मी फक्कीनं (चुन्याच्या भुकटीनं) खरोखरीच्या मापाचं घर आखायला घेतलं. निजायची खोली केवढी हवी हे बघायला सुपडूभाऊंना जमिनीवर आडवं केलं आणि त्यांच्याभोवती रेघ मारली. बघ्यांची गर्दी जमली. त्यातल्या एकानं हळूच बापूरावला विचारलं, "भाऊले काय झालं जी?" दुपारी झळा सुटल्या तशी उत्तरेची भिंत उडून शेजारच्या गोठ्यात गेली. मग फक्कीवर पाणी शिंपडलं, तेव्हा भिंती जागेवर राहिल्या. रेघांचं घर, त्यात माणसांनी एक-दोन दिवस वावरायचं, अडेल तिथे रेघ पुसायची, अशी माझी योजना होती. एकही खांब नव्हता. मी मनोमन खूश होतो.

संध्याकाळी सखूमाय काठी टेकत आली. पुढच्या दाराशी जिथे रेघ तोडून जागा सोडली होती, तिथे तिनं पाणी शिंपडलं, हळदकुंकू वाहिलं, हात जोडले. मला वाटलं, म्हातारं माणूस, समाधान असतं. पण बापूराव कानाशी लागला. "उंबरठ्याले कुंकू लागलं रे. आता ते घर झालं. जरा जपून."

त्याचा अर्थ दुसऱ्या दिवशी कळला. सुपडूभाऊ आले, त्यांनी दाराबाहेर जोडे काढले, डोकं किंचित वाकवलं आणि आत आले. शेजारची बाई काही मागायला आली ती रेघेबाहेर उभी राहून हाका मारू लागली. गोदावरीबाई तर समोर उभ्या होत्या, हात लांब केला तर पोचेल इतक्या. पण भिंतीतून कोण देणार? त्या पूर्ण घर फिरून दारात आल्या आणि मग बोलणं झालं. एक कुत्रं माजघरातून आरपार गेलं तर त्याला अशा शिव्या बसल्या की बिचारं विहिरीपर्यंत पळत सुटलं. आमच्या कॉलेजात मुलं नकाशातल्या भिंतींतून बोटं फिरवतात, आम्हीही फिरवतो. इथे अख्खं गाव भिंत मानत होतं आणि भिंतीतून जाणारे फक्त दोघे होते, मी आणि देवधर. आम्हाला पहिल्या सकाळीच पुष्कळ बोलणी बसली.

मग माझी फजिती झाली. स्वयंपाकघर जरा वाढवायचं म्हणून मी त्याची रेघ नव्यानं मारत होतो. गोदावरीबाई आत चुलीची जागा दाखवत होत्या. मी उत्साहात रेघ पूर्ण केली, हात झटकले आणि मागे सरलो. त्या तशाच उभ्या.

"सर," त्या म्हणाल्या, "मी आता इथंच राहू का?"

दार ठेवायचंच राहिलं होतं. सगळ्यांचा चहा बाहेर निवत होता. मी म्हटलं, या हो, रेघच तर आहे. त्यांनी सासूकडे पाहिलं. सासूनं माझ्याकडे पाहिलं. मी मुकाट्यानं केरसुणी आणली, जमिनीवर ओणवा झालो आणि दार पाडलं. इतकी वर्षं मुलांच्या नकाशातली विसरलेली दारं मी लाल पेन्सिलीनं दाखवत आलो होतो. त्यात कधी कोणाची बायको अडकली नव्हती.

आखाजी (अक्षय्य तृतीया) दोन दिवसांवर आली होती. माहेरवाशिणींसाठी झाडांना झोके बांधलेले दिसत होते. या सणाला इथे पुरणाचे मांडे होतात आणि मोठे सर नेमके त्याच दिवशी येणार होते. म्हणून गोदावरीबाईंनी रेघांच्या स्वयंपाकघरात खरी चूल मांडली, वर खापर (पसरट मातीचं भांडं) पालथं घातलं आणि तालीम म्हणून एक मांडा करायला घेतला. पोळपाट नाही, लाटणं नाही. पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर खेळवत खेळवत वाढवायचा, तो मनगटावरून कोपरापर्यंत उतरतो आणि धोतरासारखा पातळ होतो. मी आ वासून बघत होतो. एवढ्यात त्या थबकल्या. दोन्ही हातांवर मांडा पसरलेला, आणि चेहऱ्यावर संकट.

"काय झालं?"

"कोपर भितीले लागून राहिलं."

देवधर धावत केरसुणी घेऊन आला. मांडा हातावर तोलून धरलेला होता तेवढ्यात त्यानं भिंत मागे सारली, आणि मांडा खापरावर पडला. कुठल्याही पुस्तकात स्वयंपाकघराची रुंदी मांड्यावरून काढलेली नाही. मला इतका आनंद झाला की मी देवधरची पाठ थोपटली. जिंकलोच, असं मला वाटलं.

त्याच संध्याकाळी सखूमायनं घर नाकारलं.

दिवसभर ती त्या घरात बसायला जागा शोधत होती. इथे बसली, उठली. तिथे बसली, कण्हली, उठली. शेवटी काठी उचलून जुन्या ओसरीत परत गेली आणि आपल्या नेहमीच्या जागी टेकली. "मी नाही येत त्या घरात," ती म्हणाली. "त्या घराले पाठ नाही."

सुपडूभाऊ माझ्याकडे वळले. आवाज चढला नव्हता, पण त्यात पुढे बोलायला जागा नव्हती. "सर, माय नाही म्हणते तर मंग घर नाही. मोठे साहेब येतील त्याईले मी काय सांगू? खोटं नाही बोलता येत."

माझ्या डोळ्यांपुढे जून दिसू लागला. फळ्यावर खांब, हातात पट्टी, चेहऱ्यावर हसू. मी सखूमायला भिंतीला टेकायचं सुचवलं. ती म्हणाली, भिंतीशी बसलं तर दिसतं काय? मी बाज सुचवली, तक्क्या सुचवला. तिनं काठीनंच नको अशी खूण केली.

देवधर मात्र ओसरीकडे बघत होता. "सर," तो हळूच म्हणाला, "ती टेकलीय कशाला ते बघा."

ओसरीच्या मधोमध सागवानी खांब होता. तिच्या पाठीनं घासून एका बाजूला काचेसारखा गुळगुळीत झालेला.

मला राग आला, आणि तो कोणाचा तेही कळेना. खांब नको म्हणून मी एवढा खटाटोप केला होता. देवधरच्या तोंडून खांब हा शब्द निघाला असता तर मी त्याला टांग्यात बसवून दिला असता. पण तो गेला आणि गोठ्यामागून बाभळीचा एक ओंडका खांद्यावर घेऊन आला. ज्यानं कधी ड्रॉइंग बोर्डापेक्षा जड काही उचललं नव्हतं असा माणूस ओंडका घेऊन सखूमायच्या मागे मागे रेघांच्या घरात फिरू लागला.

"इथं?" तो विचारी.

"अजून इकडे. रस्ता दिसला पाहिजे. अन चूल बी."

"इथं?"

"चूल दिसली पाहिजे, पण सूनले असं नाही वाटलं पाहिजे का सासू पाहून राहिली." गोदावरीबाई तोंडाला पदर लावून हसल्या. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. ती "पाहते" म्हणाली होती ते तिचं काम होतं. घरात सगळ्यांच्या कामाला मी जागा ठेवली होती, तिच्या सोडून.

जागा ठरली. आम्ही दोघांनी खड्डा खणला. खांबाची जाडी उंचीच्या कितवा हिस्सा असावी हे देवधरला झोपेतही पाठ आहे. त्यानं ते तोंडातून काढलं नाही. सखूमायला टेकायला लावलं, हातभर इकडे, बोटभर तिकडे, आणि तासून तासून तिच्या पाठीला बरोबर बसेल एवढाच ठेवला. गोदावरीबाईंनी त्याला तेल चोळलं. सखूमाय टेकली, पाय पसरले आणि डोळे अर्धे मिटून रस्त्याकडे बघू लागली. बरं आहे की वाईट, काही बोलली नाही. आमचं अर्धं लक्ष रात्रभर त्या न बोलण्यात राहिलं.

आखाजीच्या दिवशी मोठे सर छकड्यातून उतरले. सोला हॅट, कोट, पायात बूट. घराच्या मागच्या बाजूनं आले आणि आम्ही दिसताच तरातरा चालत सरळ स्वयंपाकघराच्या भिंतीतून आत, चुलीजवळून, बियाणांच्या खोलीतून आरपार आमच्यापुढे. गोदावरीबाईंच्या हातावरचा मांडा थांबला.

"कोण हो तुमी?" सखूमाय म्हणाली. "भितीतून आले ते आले, बुटासकट?"

मोठ्या सरांनी खाली पाहिलं. बुटाला पांढरी रेघ लागली होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी देवधरकडे पाहिलं. देवधर, त्यांचा लाडका देवधर, अदबीनं म्हणाला, "सर, दार पूर्वेला आहे."

ते गोंधळून वळले आणि आल्या वाटेनं निघाले. "पाहा, पुन्हा भितीतूनच चालले," सखूमाय म्हणाली. तेव्हा आमचे मोठे सर, ज्यांच्यापुढे प्राध्यापक उभ्यानं बोलतात, जागच्या जागी थांबले, दार शोधलं, त्यातून बाहेर गेले, घराला वळसा घातला, पुढच्या दाराशी बूट काढले आणि उंबरठा ओलांडून पुन्हा आत आले. सुपडूभाऊंनी पाय धुवायला पाणी दिलं. "या साहेब," ते म्हणाले, जणू ते आत्ताच दिसले.

सखूमायनं आपली जागा सोडली. "प्रवासातून आले. बसा. टेका."

ते टेकले. रात्रभराचा प्रवास त्यांच्या पाठीतून निघताना आम्हाला दिसला. समोर मांडे आले, आमरस आला. मोठे सर माणसासारखे जेवले, हे दृश्य मी पूर्वी पाहिलेलं नव्हतं. दुसरा मांडा संपल्यावर त्यांनी हात मागे नेऊन खांब चाचपला. "हा कुठल्या पद्धतीचा?"

देवधर म्हणाला, "सखूमायच्या पाठीच्या, सर."

मोठ्या सरांनी चष्मा काढला. आता पुसणार, असं मी मनात म्हटलं. त्यांनी तो खिशात ठेवला, डोळे मिटले आणि थोड्याच वेळात घोरू लागले.

दिल्लीच्या गाडीची वेळ झाली. छकडा जुंपून उभा. मी त्यांना उठवायला वाकलो तर सखूमायनं काठी आडवी घातली. "जेवला माणूस उठवत नाहीत." समितीचं सांगून पाहिलं. ती म्हणाली, कचेरी पळून नाही जात. दूर रुळांवरून शिट्टी ऐकू आली, आणि कडुनिंबाखाली आमचे प्राचार्य विलीनीकरणाच्या साऱ्या कचेऱ्या विसरून झोपले होते.  

जाग आल्यावर त्यांनी घड्याळ पाहिलं. मग सखूमायला विचारलं, "हे घर तुमचं का?"

"मंग?" ती म्हणाली. "तुमचं आहे का?"

पुढच्या गाडीनं ते दिल्लीला गेले. निघताना सुपडूभाऊ मला बाजूला घेऊन म्हणाले, "एक खांब तर झाला सर. बाकीचे तीन मंग पाहू." दिवाळीनंतर पाया घ्यायचा ठरला. परतीच्या गाडीत देवधरनं बोर्ड स्वतःहून सामानाच्या डब्यात टाकला आणि आम्ही दोघं भुसावळपर्यंत पाठ कशाला तरी टेकायला मिळावी म्हणून भांडत आलो.

जूनच्या पहिल्या दिवशी मोठ्या सरांनी मला बोलावलं. "पहिल्या वर्षाला खांब राहणार," ते म्हणाले. माझं तोंड पडलं. वाईट वाटलं, आणि ते मी लपवलंही नाही. "पण वर्ष तुमच्या हाती, आणि कागद मिळणार नाही," ते पुढे म्हणाले. "आधी टेकून बसायचं. सगळ्यांनी."

आमच्या कॉलेजच्या व्हरांड्याला दगडी खांबांची रांग आहे, ग्रीक धर्तीची, उभ्या खाचांची. नवी मुलं एकेका खांबाला टेकून बसली आणि थोड्या वेळातच चुळबुळू लागली. एक मुलगा उठून म्हणाला, "सर, हे पाठीत रुततात." इतकी वर्षं आम्ही त्या खाचा मोजत आणि काढत आलो होतो. त्या रुततात हे कोणाला माहीत नव्हतं, कारण त्यांना कोणी टेकलंच नव्हतं. मीही नाही. खांबांवर राग धरायलासुद्धा मी कधी त्यांच्याजवळ गेलो नव्हतो.

"मग कुठे बसलास तर रुतणार नाही, आणि तिथून काय दिसलं पाहिजे?" मी त्याला विचारलं. तो विचार करू लागला.

व्हरांड्याच्या टोकाला, शेवटच्या खांबाशी, मोठे सर जमिनीवर बसले होते. कोटाची घडी करून त्यांनी पाठीमागे धरली होती आणि तरी पाठ नीट बसत नव्हती. मी जवळ गेलो तसे ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "दिवाळीनंतर बऱ्हाणपूरला उतरायचं, तर कुठली गाडी बरी पडेल हो?"